दूरध्वनी क्रमांक नव्या पत्त्यावर जातो, इंटरनेट मागे का राहते?

तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमच्या पूर्वेस सुमारे सहा किलोमीटरवर तिरुनागेश्वरम् हे लहानसे गाव आहे. नवग्रहांपैकी राहूचे स्थान मानले जाणारे नागनाथस्वामी मंदिर आणि ज्या देवाला मीठ नसलेला नैवेद्य दाखवला जातो ते ओप्पिलिअप्पन मंदिर, या दोन देवस्थानांमुळे देशभरातील भाविक येथे येतात. राहुकाळातील दुग्धाभिषेकाची वेळ विचारायची असो किंवा मुक्कामासाठी खोली राखून ठेवायची असो, मोबाइल येण्यापूर्वी ही कामे घरगुती आणि दुकानांतील स्थिर दूरध्वनीवरूनच होत असत. त्यामुळे अशा गावात दूरध्वनी क्रमांकाला पत्त्याइतकेच मोल असते. तो पावतीपुस्तकावर छापलेला असतो, दुकानाच्या पाटीवर रंगवलेला असतो आणि परगावच्या यात्रेकरूंच्या वहीत लिहून ठेवलेला असतो.

समजा, अशा एखाद्या कुटुंबाने तिरुनागेश्वरम् येथील घर सोडून कुंभकोणम शहरात बिऱ्हाड हलवले. क्रमांक जाऊ नये म्हणून त्यांनी दूरध्वनी स्थलांतराचा अर्ज केला. काही दिवसांनी नव्या घरी लाईनमन आला, तार जोडली गेली आणि यंत्र कानाला लावताच डायल टोन ऐकू आला. संध्याकाळी मॉडेम सुरू केला, तर त्यावरील डीएसएलचा दिवा लुकलुकत राहिला, तो स्थिर होईना. दूरध्वनी चालू आणि इंटरनेट बंद, अशी ही अवस्था असते. बिलावर दोन्ही सेवा एकाच क्रमांकाखाली येत असल्याने ग्राहकाला हा बिघाड वाटतो. बहुतेक वेळा तो बिघाड नसतो. क्रमांक हलवण्याचे काम ठरल्याप्रमाणे पूर्ण झालेले असते, मात्र इंटरनेट हलवण्याचे काम कोणी सांगितलेलेच नसते.

एका तारेवरील दोन सेवा

हा घोटाळा समजून घेण्यासाठी घरातील तार दूरध्वनी केंद्रापर्यंत कशी जाते हे पाहावे लागेल. जुन्या पद्धतीच्या जोडणीत प्रत्येक ग्राहकासाठी तांब्याच्या तारांची एक स्वतंत्र जोडी असते. ती घराजवळच्या खांबावरील लहान पेटीतून रस्त्याकडेच्या मोठ्या कॅबिनेटमध्ये आणि तेथून भूमिगत केबलद्वारे केंद्रात पोहोचते. माणसाच्या आवाजासाठी दूरध्वनी यंत्रणा या तारेवरील ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा वापरते. त्यापुढील सर्व जागा मोकळी असते. एडीएसएल तंत्रज्ञानाने हीच मोकळी जागा उपयोगात आणली. सुमारे २५ किलोहर्ट्‌झपासून ११०० किलोहर्ट्‌झपर्यंतच्या लहरींवर माहितीची ने-आण होते आणि त्याच वेळी खालच्या पट्ट्यात संभाषणही चालू राहते. दोन्ही लहरी एकमेकींत मिसळू नयेत यासाठी घरात फोनच्या अलीकडे एक छोटी डबी बसवलेली असते, तिला स्प्लिटर म्हणतात.

भारतात ही सेवा घराघरांत पोहोचली ती २००५ नंतर. ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि किमान २५६ केबीपीएस वेगाच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणावे असे ठरवले. ही मर्यादा पुढे वाढत गेली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस करण्यात आली. भारत संचार निगम लिमिटेड, अर्थात बीएसएनएल, ही कंपनी १ ऑक्टोबर २००० रोजी अस्तित्वात आली होती. तिने जानेवारी २००५ मध्ये ‘डेटावन’ या नावाने ब्रॉडबँड सेवा सुरू केली. मुंबई व दिल्ली येथे महानगर टेलिफोन निगमने ‘ट्रायबँड’ या नावाने अशीच सेवा दिली. नवी केबल न टाकता, घरात आधीच असलेल्या तारेवर इंटरनेट मिळते हे या सेवेचे मोठे आकर्षण होते. स्थलांतराच्या वेळी अडचण येते ती याच सोयीतून.

केंद्रात काय घडते?

बाहेरून आलेल्या सर्व तारा दूरध्वनी केंद्रात एका उंच लोखंडी चौकटीवर येऊन थांबतात. तिला एमडीएफ म्हणतात. चौकटीच्या एका बाजूला रस्त्यावरून आलेल्या जोड्या असतात, तर दुसऱ्या बाजूला केंद्रातील यंत्रांकडे जाणाऱ्या जोड्या. कोणती बाहेरची तार आतल्या कोणत्या बिंदूला जोडायची हे जंपर नावाच्या बारीक तारेने ठरते. ज्याच्याकडे नुसता फोन आहे त्याचा जंपर थेट दूरध्वनीच्या स्विचकडे जातो. ज्याने इंटरनेटही घेतले आहे त्याची तार मात्र आधी डीस्लॅम नावाच्या यंत्राकडे जाते. तेथे माहितीच्या लहरी वेगळ्या काढल्या जातात आणि उरलेला आवाज पुढे स्विचकडे पाठवला जातो.

दूरध्वनी क्रमांक असतो तो स्विचमध्ये. ती संगणकातील एक नोंद आहे, म्हणून केंद्रात बसून ती एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर नेता येते. इंटरनेट असते ते डीस्लॅममधील एका ठरावीक पोर्टवर, म्हणजे प्रत्यक्ष धातूच्या एका खाचेत. घर बदलल्यावर जुन्या तारेचा जंपर काढला जातो आणि त्याच क्षणी दोन्ही सेवा तुटतात. नव्या घराच्या तारेला जो जंपर लावला जातो तो कार्यादेशात जेवढे लिहिले असेल तेवढ्यासाठी. आदेशात फक्त दूरध्वनीचे स्थलांतर असेल, तर जंपर सरळ स्विचकडे जातो आणि डीस्लॅमला वळसा पडतो. घरी डायल टोन येतो आणि मॉडेमला पलीकडे बोलायला कोणीच नसते.

याखेरीज आणखी एक अडथळा असतो. सुरक्षेसाठी अनेक ठिकाणी ग्राहकाचे वापरनाव आणि त्याचा पोर्ट एकमेकांशी बांधलेले असतात, म्हणजे ते वापरनाव दुसऱ्या पोर्टवरून चालत नाही. त्यामुळे पोर्ट जोडला जाऊन डीएसएलचा दिवा स्थिर झाला, तरी वापरनाव व पासवर्ड नाकारले जातात. अशा वेळी ग्राहक मॉडेमची मांडणी पुन्हा पुन्हा बदलून पाहतो आणि दोष त्याच्या हातात नसल्यामुळे दिवस वाया जातात. दिवा लुकलुकत असेल तर अडचण तारेत किंवा जंपरमध्ये आहे. दिवा स्थिर असून प्रवेश नाकारला जात असेल तर अडचण बहुधा वापरनावाच्या नोंदीत आहे. एवढा फरक ओळखून तक्रार नोंदवली, तरी पुष्कळ वेळ वाचतो.

अंतराचाही प्रश्न आहे. एडीएसएलच्या लहरी तांब्याच्या तारेत झपाट्याने क्षीण होतात. दोन-तीन किलोमीटरनंतर वेग उतरू लागतो आणि पाच किलोमीटरच्या आसपास सेवा जवळपास अशक्य होते. आवाजाला अशी अडचण नाही, तो त्याहून लांब जाऊ शकतो. म्हणूनच केंद्रापासून दूरच्या वस्तीत फोन मिळतो, पण ब्रॉडबँडच्या अर्जावर ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ असा शेरा येतो. तिरुनागेश्वरम् येथील केंद्राचा पोर्ट कुंभकोणमच्या घरासाठी वापरता येत नाही त्यामागेही अंतराचेच कारण आहे. शहरातील ज्या केंद्राखाली नवे घर येते, तेथील डीस्लॅममध्ये मोकळा पोर्ट असावा लागतो.

०४३५ आणि ०४३६२

क्रमांक तरी तोच राहतो का? याचे उत्तर देशाच्या क्रमांक योजनेत आहे. २००३ च्या राष्ट्रीय क्रमांक योजनेनुसार एसटीडी संकेतांक (सुरुवातीचे शून्य वगळून) आणि स्थानिक क्रमांक मिळून दहा अंक होतात. देशाची विभागणी अडीच हजारांहून अधिक लहान क्षेत्रांत केलेली आहे आणि प्रत्येक क्षेत्राला स्वतःचा संकेतांक आहे. कुंभकोणमचा ०४३५, म्हणून तेथील स्थानिक क्रमांक सात अंकी. तिरुनागेश्वरम् याच क्षेत्रात मोडते. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या तंजावरचा संकेतांक मात्र ०४३६२, म्हणून तेथील क्रमांक सहा अंकी. महाराष्ट्रातील वाचकांना हा फरक ओळखीचा आहे. कोल्हापूरचा संकेतांक ०२३१ आणि क्रमांक सात अंकी, तर रत्नागिरीचा ०२३५२ आणि क्रमांक सहा अंकी.

तिरुनागेश्वरम् सोडून कुंभकोणमला गेल्यास संकेतांक तोच राहतो, मात्र केंद्र बदलत असल्याने सात अंक तेच राहतील याची खात्री आधी करून घ्यावी लागते. तंजावरला गेल्यास जुना क्रमांक कोणत्याही परिस्थितीत सोबत जात नाही, कारण तो तेथील मांडणीत बसतच नाही. क्रमांक बदलला की इंटरनेटचे खातेही बहुधा नव्याने उघडावे लागते, कारण ते जुन्या क्रमांकाला जोडलेले असते.

मोबाइलच्या बाबतीत लोकांचा अनुभव वेगळा आहे. २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय झाली. ३ जुलै २०१५ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले तरी मोबाइल क्रमांक कायम ठेवता येतो. स्थिर दूरध्वनीला मात्र भारतात ही मुभा मिळालेली नाही. बीएसएनएलचा क्रमांक खासगी कंपनीच्या फायबरवर नेता येत नाही. ‘मोबाइलचे होते, मग घरच्या फोनचे का नाही?’ हा ग्राहकांचा प्रश्न रास्त आहे. मोबाइल क्रमांक एखाद्या गल्लीशी बांधलेला नसतो, घरच्या फोनचा क्रमांक मात्र पहिल्या दिवसापासून एका भूभागाशी बांधलेला आहे, हे त्यामागचे एक मोठे तांत्रिक कारण.

हे बंधन सैल करण्याच्या दिशेने भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, फेब्रुवारी २०२५ मध्ये शिफारशी केल्या. लहान क्षेत्रांवर आधारलेली योजना बदलून संपूर्ण परवाना क्षेत्रासाठी, म्हणजे ढोबळमानाने राज्यासाठी, दहा अंकी क्रमांकांची एकच मांडणी असावी, असे त्यात सुचवले आहे. सध्याच्या ग्राहकांचे क्रमांक बदलावे लागणार नाहीत, मात्र स्थिर दूरध्वनीवरून स्थिर दूरध्वनीवर फोन करताना शून्य, संकेतांक आणि क्रमांक असे सर्व अंक फिरवावे लागतील, असेही त्यात म्हटले आहे. अशी मांडणी झाल्यास तिरुनागेश्वरम् येथील क्रमांक तंजावरला नेण्यात संकेतांकाची आडकाठी उरणार नाही. इंटरनेटचा प्रश्न मात्र त्यानेही सुटणार नाही, कारण तो क्रमांकाचा नसून तारेचा आहे.

फायबर आल्यावर

देशातील स्थिर दूरध्वनींची संख्या मार्च २०२० मध्ये सुमारे दोन कोटींपर्यंत घसरली होती. ती मार्च २०२४ अखेर ३ कोटी ३० लाखांच्या पुढे गेली. ही वाढ तांब्याच्या तारेमुळे झालेली नाही. प्रकाशतंतूवरील इंटरनेट घेणाऱ्याला फोनही सोबत मिळू लागल्याने ती झाली. आधी इंटरनेट आणि त्याच्या पाठीवर फोन, असा हा उलटा क्रम आहे.

प्रकाशतंतूच्या जोडणीत घरात ओएनटी नावाची पेटी बसवली जाते. त्यावर आवाजही माहितीच्या स्वरूपातच जातो. दूरध्वनी क्रमांक म्हणजे त्या पेटीत नोंदवलेले एक खाते असते, तारेच्या जोडीशी त्याचा संबंध राहत नाही. त्यामुळे तांब्यावरून फायबरवर जाताना, जेथे तांत्रिक सोय आहे तेथे, जुना क्रमांक कायम ठेवता येतो. पण याच बदलात पुष्कळांचे इंटरनेट काही दिवस बंद पडते. क्रमांक नव्या यंत्रणेत गेला की जुन्या तारेवरील दूरध्वनी खाते मिटते आणि त्यावर अवलंबून असलेले एडीएसएलही मिटते. फायबरची पेटी तोवर बसली नसेल, तर मधल्या काळात घरात काहीच उरत नाही.

लहान गावांत बीएसएनएलची फायबर जोडणी अनेकदा स्थानिक भागीदारामार्फत दिली जाते आणि त्यात केबल टीव्हीचे व्यावसायिकही असतात. देयक बीएसएनएलचे असले, तरी घरापर्यंतचा तंतू भागीदाराचा असतो. तिरुनागेश्वरम् येथील भागीदार आणि कुंभकोणमच्या एखाद्या पेठेतील भागीदार वेगळे असू शकतात. अशा वेळी स्थलांतराचा अर्ज एकाच कंपनीकडे केलेला असला, तरी प्रत्यक्षात एकाने जोडणी काढायची आणि दुसऱ्याने द्यायची असते. हे हस्तांतर जेथे रेंगाळते तेथे ग्राहक अधांतरी राहतो.

परदेशातील अनुभव

तंजावरच्या मराठी राज्यामुळे या भागात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांचा इतिहास मोठा आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा येथे दिवाणपद भूषवणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमचाच. आज महाराष्ट्रातल्याप्रमाणेच येथील कित्येक घरांतील मुले परदेशात आहेत आणि हाच प्रश्न त्यांना तिकडेही भेटतो.

अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्याने क्रमांक सोबत नेण्याचा हक्क दिला. २४ नोव्हेंबर २००३ पासून तेथील मोठ्या शहरी भागांत घरचा क्रमांक मोबाइलवर नेता येऊ लागला. अनेकांनी तसे केले आणि घरातील डीएसएल बंद पडले. क्रमांक गेला की जुन्या कंपनीच्या दृष्टीने दूरध्वनी ग्राहकच गेला आणि दूरध्वनी नसलेल्यास डीएसएल द्यायचे नाही, असे काही कंपन्यांचे धोरण होते. बेलसाउथ या कंपनीने अशी सेवा चालू ठेवावी असा आदेश काही राज्यांच्या आयोगांनी दिला होता. परंतु राज्यांना तसा आदेश देता येणार नाही, असा निर्णय मार्च २००५ मध्ये तेथील केंद्रीय दूरसंचार आयोगाने दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस मोठ्या कंपन्यांच्या विलीनीकरणाला मंजुरी देताना मात्र फोनशिवाय नुसते डीएसएल ठरावीक काळ विकण्याची अट घालण्यात आली. ग्राहकाला जे आयोगाच्या निर्णयातून मिळाले नाही, ते कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या वाटाघाटीतून मिळाले.

ब्रिटनमध्ये तांब्याच्या तारेवरील जुनी दूरध्वनी यंत्रणा जानेवारी २०२७ अखेर बंद करण्याचे ठरले आहे. तेथेही ब्रॉडबँड असलेल्या जुन्या लाईनवरून क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेल्यास ती लाईन आणि तिच्यासोबत ब्रॉडबँड बंद होते. म्हणून आधी नवे इंटरनेट सुरू करून मगच क्रमांक हलवावा, असा सल्ला तेथे दिला जातो.

अर्ज करताना

हा क्रम भारतातही उपयोगी पडतो. नव्या पत्त्यावर तांब्याची जोडणी मिळणार आहे की फायबरची, हे प्रथम विचारावे आणि ब्रॉडबँड शक्य आहे का याचे उत्तर दूरध्वनीच्या उत्तरापासून वेगळे घ्यावे. ‘फोन येईल’ या उत्तरात इंटरनेटचा समावेश होतो असे गृहीत धरू नये. स्थलांतराच्या अर्जात ‘दूरध्वनी व ब्रॉडबँड’ असे दोन्ही शब्द स्पष्ट लिहावेत, इंटरनेटचे वापरनाव नोंदवावे आणि पोचपावती घ्यावी. शक्य असल्यास जुने घर सोडण्यापूर्वीच नव्या घरी इंटरनेटची स्वतंत्र जोडणी घ्यावी आणि दूरध्वनी नंतर हलवावा. काही आठवडे दोन देयके भरावी लागतात हे खरे. पण ज्या घरात निवृत्तिवेतनधारक आहेत आणि नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला संगणकावरून द्यायचा आहे, किंवा ज्यांची नोकरीच घरून चालते, त्यांना हा खर्च परवडतो.

घरातील कर्त्या व्यक्तीच्या निधनानंतर क्रमांक वारसाच्या नावे करतानाही हीच काळजी घ्यावी लागते. येथे तार हलत नाही, केवळ खातेदार बदलतो. तरी मृत्यू प्रमाणपत्र व इतर वारसांचे संमतिपत्र देऊन दूरध्वनी नावावर झाला, म्हणजे ब्रॉडबँडची योजना, अनामत रक्कम आणि वापरनावही आपोआप नावावर झाले असे नाही. भाड्याने घेतलेला मॉडेम असल्यास तो कोणाच्या नावे आहे हेही पाहावे. जे काही महिन्यांसाठी मुलांकडे परदेशी जातात, त्यांच्यासाठी बीएसएनएलची ‘सेफ कस्टडी’ ही सोय आहे. तिच्यात क्रमांक राखून ठेवला जातो. परत आल्यावर इंटरनेट त्याच पोर्टवर सुरू होईल का, हे मात्र जाण्यापूर्वीच केंद्रात विचारून ठेवावे.

इंटरनेट सुरू न झाल्यास दूरध्वनी बंद असल्याची तक्रार करण्यात अर्थ नसतो, कारण तपासणीत दूरध्वनी चालू आढळतो आणि तक्रार निकाली निघते. तक्रार ब्रॉडबँडचीच नोंदवावी, दिव्याची स्थिती सांगावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाण्याची व्यवस्था ट्रायच्या २०१२ च्या विनियमांनी घालून दिलेली आहे. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून दूरध्वनी आणि ब्रॉडबँड यांच्या दर्जाचे निकष एकाच विनियमात आणले गेले आहेत. केंद्रातील जंपर मात्र अजूनही ज्या सेवेचा आदेश निघाला, त्याच सेवेसाठी लावला जातो.